बरणीवरचं इंग्रजी नाम

मे महिन्यात देवगड, वेंगुर्ले, राजापूर या पट्ट्यात फिरलं की अंगणातल्या खाटांवर, पडवीच्या पत्र्यावर, गच्चीच्या कठड्याशी तुपाचा हात फिरवलेली ताटं उन्हात मांडलेली दिसतात. आंब्याचा रस त्यांत पातळ पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा थर द्यायचा, मग तिसरा. वळवाचा शिडकावा होण्याआधी पोळी ताटातून सुटून डब्यात गेली पाहिजे, एवढी एकच घाई. घरात खायची असते तोवर आंबापोळीला कोणी नाव विचारत नाही. ती विकायची ठरली की मात्र छापखान्यात डीटीपी करणारा मुलगा पहिला प्रश्न विचारतो : “ताई, इंग्रजीत काय टाकू?”

मोबाइलवर शोधावं तर पर्यायांची रांग लागते. मँगो लेदर, मँगो बार, मँगो पापड, मँगो रोल. चारही नामं एकाच वस्तूची वाटतात आणि चारही वेगवेगळं काही सांगतात. ‘लेदर’ हा अमेरिकेत रुळलेला शब्द. फळाचा गर पातळ वाळवला की तो चामड्यासारखा लवचीक होतो, म्हणून तिथे त्याला फ्रूट लेदर म्हणतात आणि खाणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. पण जी बाई सोवळ्यात रस आटवते, पहिली पोळी देवापुढे ठेवते, तिला आपल्या पाकिटावर ‘चामडं’ नको असतं, आणि तिचं ते म्हणणं योग्यच आहे. ‘पापड’ म्हटलं तर उत्तरेतल्या गिऱ्हाइकाला लगेच कळतं, कारण तिकडे आमपापड आहेच. लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र तळायची कुरकुरीत चकती डोळ्यांपुढे येते. उरलं ‘बार’. हे नाव रुक्ष आहे, पण भारतीय अन्नमानकांत ‘फ्रूट बार’ नावाचा प्रकार दिलेला आहे आणि त्यात फळाचं प्रमाण किमान २५ टक्के हवं, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे छापखान्यातल्या त्या साध्या प्रश्नाच्या एका टोकाला भाषा आहे, दुसऱ्या टोकाला कायदा, आणि मधे खाणाऱ्याची जीभ.

पुढच्या पानांचा विषय नेमका हा आहे : एकमेकांच्या शेजारी राहणारी इंग्रजी नामं, आणि लेबल लिहिताना त्यांतलं एक निवडण्याचं काम. हे काम किरकोळ समजलं जातं. पदार्थावर सहा महिने खर्च होतात, बरणीवर महिनाभर, आणि नावावर दहा मिनिटं.

इंग्रजी हवंच कशाला, असं कोणी विचारेल. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०२० चे लेबलविषयक नियम सांगतात, की पाकिटावरचा बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असला पाहिजे. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाही. शिवाय उत्पादकाची छाप वेगळी आणि पदार्थाचं नाव वेगळं. पदार्थाचं नाव पाकिटाच्या दर्शनी भागावर हवं आणि आत नेमकं काय आहे ते त्यातून कळायला हवं. ‘सिंधुमाधुर्य’ किंवा ‘आजीची चव’ असं काव्य छाप म्हणून खुशाल करावं. त्याखाली आत काय आहे हे सांगणारं नाम लागतंच. आणि ते नाम बहुतेक वेळा इंग्रजीत निवडावं लागतं.

शब्दकोश इथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हापासून मराठी माणूस इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधत आला आहे. पण कोश अर्थ देतो. लेबल हमी देतं. ‘ज्यूस’ आणि ‘ड्रिंक’ यांचे कोशातले अर्थ शेजारी शेजारी बसू शकतात. बाटलीवर त्यांच्यात नव्वद टक्के फळाचा फरक असू शकतो.

पेयांचाच संसार आधी पाहावा, कारण कोकणातला छोटा उत्पादक सर्वांत जास्त तिथेच अडखळतो. भारतीय मानकांत स्क्वॉश, क्रश आणि सिरप या तिन्हींत फळाचा रस किमान २५ टक्के लागतो. फरक आहे तो विरघळलेल्या घन पदार्थांचा, म्हणजे मुख्यतः साखरेचा : स्क्वॉशमध्ये किमान ४० टक्के, क्रशमध्ये ५५, सिरपमध्ये ६५. तेव्हा ‘सिरप’ म्हणून विकलेलं सरबत पातळ निघालं तर तो नुसता चवीचा दोष राहत नाही, नावच चुकलेलं असतं. नुसतं ‘फ्रूट ड्रिंक’ म्हटलं की फळ १० टक्क्यांवर भागतं, लिंबू असेल तर ५ वर. युरोपीय संघात ‘ज्यूस’ या शब्दाभोवतीचं कुंपण आणखी उंच आहे. २०१२ च्या निर्देशानंतर तिथे ज्यूसमध्ये वरून साखर घालताच येत नाही. साखर-पाणी घातलं की त्याला ‘नेक्टर’ म्हणावं लागतं, आणि त्यातही फळानुसार २५ ते ५० टक्के रस लागतो. भारतात जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या पेयांवरून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला सांगितलं.

देश बदलला की हीच नामं वेगळ्याच वस्तूंकडे बोट दाखवतात. ब्रिटनमध्ये स्क्वॉश म्हणजे पाणी घालून प्यायचं पेय, अमेरिकेत स्क्वॉश म्हणजे भोपळ्याच्या जातीची भाजी. ब्रिटिश कॉर्डियल मुलांना देतात. अमेरिकन कॉर्डियल मद्य असू शकतं. आणि ‘शरबत’! पिणे या अर्थाच्या एका अरबी धातूपासून निघालेला हा शब्द फारसी-तुर्कीमार्गे युरोपात गेला आणि त्याची मुलं चार घरांत वाढली. ब्रिटनमध्ये शेरबेट म्हणजे जिभेवर फसफसणारी आंबटगोड पूड. अमेरिकेत शेरबेट म्हणजे थोडं दूध घातलेला गोठवलेला पदार्थ, ज्यात दुधाची चरबी १ ते २ टक्क्यांच्या आत असावी लागते. दूध नसलेलं ते सॉर्बे. आणि दाट पाकातलं ते सिरप. तोही शब्द त्याच धातूचा. कोकम सरबताची बाटली लंडनला पाठवताना ‘कोकम शेरबेट’ छापलं तर तिथलं मूल पूड शोधेल. ‘शरबत’ हेच रूप रोमन अक्षरांत ठेवणं अधिक बरं, कारण भारतीय मानकांत सिरपच्या बरोबरीने ते नाव दिलेलंच आहे.

कोकमाजवळ थोडं थांबायला हवं. एकाच फळापासून कोकणातलं घर चार-पाच वस्तू करतं आणि प्रत्येकीला मराठीत वेगळं, नेमकं नाव आहे. साल वाळवली की आमसूल. सालीत साखर भरून उन्हात ठेवली आणि रस सुटला की अमृत कोकम. मीठ लावून रस काढला की आगळ. बीमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे भिरंडेल. आता आगळाच्या बाटलीवर इंग्रजीत काय लिहायचं? ‘ज्यूस’ लिहिलं तर कोणीतरी ग्लास भरून तोंडाला लावेल आणि मिठाने हैराण होईल. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हटलं तर रस आटवून पाणी काढलं असं वाटतं. आगळ आटवत नाहीत. ‘एक्स्ट्रॅक्ट’ला औषधाच्या दुकानाचा वास येतो. इथे इंग्रजीत तयार नाम नाहीच, हे मान्य करणं हाच प्रामाणिक मार्ग. ‘आगळ’ हे नाव रोमन अक्षरांत तसंच ठेवावं आणि त्याखाली साध्या शब्दांत लिहावं : मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी, पाणी किंवा नारळाचं दूध घालून वापरायचा. ओळ लांब होते, पण बाटली परत येत नाही.

भिरंडेलाची गोष्ट उलटी आहे. कोकणात त्याला तेल म्हणतात, पण ते घरातल्या तापमानाला घट्ट राहतं आणि पायाच्या भेगांवर चोळलं की अंगच्या उष्णतेने विरघळतं. ‘कोकम ऑइल’ लिहून घट्ट वडी हातात दिली तर परदेशातलं गिऱ्हाईक गोंधळतं. सौंदर्यप्रसाधनांच्या जगात त्याचं ठरलेलं नाव ‘कोकम बटर’ आहे. ‘बटर’ या इंग्रजी नामाने दूध कधीच मागे टाकलं आहे. घट्ट आणि उबेला वितळणारं, एवढंच त्याचं काम इथे उरलं आहे.

हेच भिरंडेल एका मोठ्या शब्दयुद्धातही शिरलेलं आहे, आणि ही हकिगत कोकणात फारशी कोणाला ठाऊक नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क १९७३ मध्ये युरोपीय समुदायात आले ते आपलं चॉकलेट घेऊन. त्यात कोकोच्या चरबीखेरीज थोडी इतर वनस्पतिजन्य चरबी असे. बेल्जियम, फ्रान्सकडच्या मंडळींचं म्हणणं, याला चॉकलेट म्हणू नका. ‘व्हेजिलेट’ असं नवं नाम सुचवण्यापर्यंत गोष्ट गेली. वाद जवळजवळ तीस वर्षं चालला. शेवटी २००० साली निर्देश निघाला : ५ टक्क्यांपर्यंत इतर चरबी चालेल, लेबलवर तसं लिहा, आणि ही चरबी सहाच झाडांची असू शकेल. त्या सहांच्या यादीत आंब्याची कोय आहे आणि कोकमही आहे. तरीही इटली आणि स्पेन अशा वड्यांवर ‘चॉकलेटचा पर्याय’ असं लिहायला लावत होते. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. ब्रुसेल्समध्ये एका नामाची हद्द आखताना सावंतवाडीच्या परसातल्या झाडाचं नाव घ्यावं लागलं होतं.

जॅम, जेली, मार्मलेड, प्रिझर्व्ह या चौकडीकडे मराठी घर मुरांब्याच्या बाजूने पाहतं. आपल्याकडे साखरांबा वेगळा, गुळांबा वेगळा, मोरावळा तर औषधाच्या कपाटातला. इंग्रजीत यांना सरसकट ‘जॅम’ म्हणण्याची सवय पडली आहे आणि ती सवय मोडायला हवी. जॅममध्ये फळ शिजून एकजीव होतं आणि पावावर पसरतं. साखरांब्यात किसाची किंवा फोडीची ओळख राहते. मोरावळ्यात तर आख्खा आवळा असतो. त्याला ‘प्रिझर्व्ह’ हे नाम जास्त जवळचं. अमेरिकेत जॅम आणि प्रिझर्व्ह यांना कायद्याने एकच मानक आहे, ५५ भाग साखरेला फळानुसार किमान ४५ किंवा ४७ भाग फळ. दोन नावं तरीही टिकली, कारण खाणाऱ्याला फोडी हव्यात की नकोत ते त्यावरून कळतं. ‘जेली’ अमेरिकेत गाळलेल्या रसाची, ब्रिटनमध्ये थरथरणारी, जिलेटिनची.

आणि ‘मार्मलेड’ थेट गोव्यात पोचवतं. पोर्तुगीज भाषेत मार्मेलो म्हणजे क्विन्स नावाचं फळ, आणि त्याची घट्ट वडी म्हणजे मार्मेलाद. ती वडी इंग्लंडात गेली, नाव राहिलं, फळ बदलून संत्रं झालं. त्याच शेपटीचे शब्द गोव्यात आंब्याला आणि पेरूला लागले : मांगाद आणि पेराद. १९७९ च्या युरोपीय निर्देशाने ‘मार्मलेड’ हे नाव लिंबूवर्गीय फळांपुरतं राखून ठेवलं. ऑस्ट्रियातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जर्दाळूच्या जॅमला मार्मलाडं म्हणत आलेली. ती चिडली, आणि २००४ मध्ये निदान शेतकऱ्यांच्या बाजारात तरी जुनं नाव वापरायची मुभा त्यांना मिळाली. २०२४ मध्ये युरोपीय संघाने हा नियम आणखी सैल केला आणि त्याच वेळी जॅममधल्या फळाचं किमान प्रमाण शंभर ग्रॅमला ३५ वरून ४५ वर नेलं. गोव्यातली पेराद मात्र या सगळ्याच्या बाहेर, ‘गव्हा चीज’ या नावाने विकली जाते. तिच्यात दुधाचा थेंब नसतो. इंग्रजीत सुरीने कापता येईल इतक्या घट्ट फळवडीला चीज म्हणण्याची जुनी रीत आहे, तिथून हे नाव आलं. ते गोव्यात मुरलेलं आहे, ते काढू नये. पण मुंबईच्या विमानतळावर तेच पाकीट ठेवायचं असेल तर खाली ‘पेरूची वडी, दूध नाही’ एवढं सांगणं गिऱ्हाइकाच्या भल्याचं आहे.

भारतातून गेलेल्या शब्दांचा धोका आणखी मोठा, कारण ते ओळखीचे वाटतात. चटणी इंग्लंडात गेली आणि साखर-व्हिनेगरमध्ये शिजून महिनोन्‌महिने टिकणारी झाली. तिथल्या मँगो चटणीचं नातं आपल्या चटणीपेक्षा मेथांब्याशी जास्त आहे. सोलापूरची शेंगदाणा चटणी किंवा जवसाची चटणी नुसत्या ‘चटणी’ या नावाने तिथे गेली, तर बरणी उघडणाऱ्याला कोरडी पूड पाहून काहीतरी बिघडलं असं वाटतं. ‘ड्राय चटणी’ हे दोन शब्द आणि ‘भाकरी-भातावर घ्यायची’ ही सूचना, एवढ्याने काम होतं. ‘सीझनिंग’ लिहू नये. ते स्वयंपाकात घालायचं असतं, चटणी पानात वाढायची असते. लोणच्याचंही तसंच. अमेरिकेत ‘पिकल’ म्हणजे मुरवलेली काकडी, ब्रिटनमध्ये भाज्यांचे तुकडे घातलेली गडद, आंबटगोड चटणीसदृश वस्तू. मोहरीच्या डाळीचं, हिंगाच्या फोडणीचं कैरीचं लोणचं यांपैकी काहीच नाही. भारतीय मानकं तेलातलं, व्हिनेगरमधलं आणि मिठाच्या पाण्यातलं लोणचं वेगळं ओळखतात. तो ‘तेलातलं’ हा शब्द दर्शनी बाजूला आणला तर अर्धा गैरसमज जागच्या जागी मिटतो.

नामावरून लोक दुखावतात तेही खरं. मार्च २०२३ मध्ये प्राधिकरणाने दह्याच्या पिशवीवर ‘दही’ हा शब्द मुख्य ठेवा असं सांगितलं, तेव्हा तामिळनाडू आणि कर्नाटकात संताप उसळला. त्यांच्या भाषांत ते तयिर आणि मोसरु. ३० मार्चला निर्णय बदलला : ‘कर्ड’ या इंग्रजी नामाजवळ ज्या त्या प्रदेशाचं नाव लिहिता येईल. मराठी माणसाला ‘दही’ आपलंच वाटत असल्याने या भांडणाची धग इकडे पोचली नाही. पण उद्या कोणी आगळावर किंवा पुरणपोळीवर दुसऱ्या भाषेतलं नाव छापायला सांगितलं तर काय वाटेल, याचा विचार करून ती बातमी पुन्हा वाचावी.

पैशाचा संबंधही सरळ आहे. ‘आइस्क्रीम’मध्ये दुधाची चरबी, ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये वनस्पतिजन्य, या दोन नामांच्या सीमेवरचा जाहिरातीचा वाद २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी अबकारी वर्गीकरणात ती ‘कंट्री लिकर’ होती, आणि त्या दोन शब्दांनी तिची पत कमी केली. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. ब्रिटनमध्ये १९९१ साली जाफा केक हा केक की बिस्किट यावर करलवाद बसला होता. केकवर कर नव्हता, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर होता. लवादाने पाहिलं की शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. जाफा केक कडक होतो. निकाल केकच्या बाजूने लागला, पण त्यात नावाला फारसं वजन दिलं नव्हतं. भारतात पोळी-पराठ्याच्या करावरून वर्षानुवर्षं वाद झाले. ‘रोटी’ला एक दर, ‘परोटा’ला दुसरा, अशी ओढाताण चालली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कर परिषदेने चपाती, रोटी, पराठा, परोटा आणि ‘कोणत्याही नावाने ओळखल्या जाणाऱ्या’ भारतीय पोळ्या-रोट्यांवरचा कर शून्य केला. नामांचा हिशेब इतका गुंतला होता, की सोडवण्यासाठी कायद्याला नावच बाजूला ठेवावं लागलं.

या सगळ्यातून निवड करायची तर आधी तीन प्रश्न विचारावेत, आणि तेही याच क्रमाने : वस्तू हातात घेतल्यावर ती काय आहे, ज्या बाजारात जाणार तिथे हे नाम कशासाठी वापरतात, आणि मानक काय म्हणतं. बहुतेक जण उलटे चालतात. शेजारच्या बाटलीवर काय छापलंय ते पाहतात आणि तेच उचलतात, म्हणून एकाची चूक बाजारभर पसरते. पुढच्या पानांत प्रत्येक जोडी या तीन प्रश्नांतून नेली आहे. जिथे चांगलं इंग्रजी नाम सापडलं तिथे ते घेतलं आहे. जिथे सापडलं नाही तिथे मराठी नाम राखून खाली साधं वर्णन दिलं आहे, आणि अशा जागा अपेक्षेपेक्षा बऱ्याच निघाल्या.

आंबापोळीपुरतं बोलायचं तर लेबल असं उतरतं. वर ठळक देवनागरीत ‘आंबापोळी’. त्याखाली तेच नाव रोमन अक्षरांत. मग ‘मँगो फ्रूट बार’, कारण मानकात तो शब्द आहे. त्याखाली बारीक अक्षरात : उन्हात वाळवलेला आंब्याचा रस. फळ खरोखर हापूस असेल तरच ‘अल्फान्सो’ लिहावं. २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो शब्द वापरायलाही नोंदणी लागते. साखर घातली असेल तर घटकांच्या यादीत तिची जागा वजनाच्या क्रमानेच. ताईंच्या हाताखाली ताटात आता फणसाचा गर पसरलेला आहे, आणि छापखान्यातला मुलगा दुसरी फाइल उघडून पुन्हा तोच प्रश्न विचारतो आहे.